उरलेलं नाव

यकृत किती कडक झालंय ते मोजायचं आमचं मशीन म्हणजे लहान सुटकेसएवढा डबा आणि त्याला वायरनं जोडलेली एक जाडजूड कांडी. माणसानं उताणं झोपायचं, उजवा हात उचलून डोक्याखाली घ्यायचा. कांडीचं टोक बरगड्यांच्या मधे टेकवलं की ती हलकेच टकटक करते. दहा वेळा. दहा आकडे येतात, त्यांतला मधला खरा धरायचा. सातच्या खाली असला तर घरी जाऊन चहा प्या. साडेबाराच्या वर गेला की मी तोंड गंभीर करते. दुखत काहीच नाही, तरी पहिल्या टकटकीला जवळजवळ सगळे डोळे मिटतात. कुणीतरी दार वाजवल्यासारखं वाटतं, म्हणतात.

मी अक्षता. घनसावंगी आणि अंबड तालुक्यांतल्या एकवीस गावांत हिपॅटायटिस बी असलेली तीनशे बारा माणसं आम्ही सहा वर्षं धरून ठेवली आहेत. दर काही महिन्यांनी त्यांचं रक्त घ्यायचं, यकृत मोजायचं आणि कुणाचं कडक होतंय, कुणाच्या कडकपणातून पुढं कॅन्सर उगवतोय ते वेळेत पकडायचं, एवढाच आमचा उद्योग. तीर्थपुरीत बाजाराच्या मागं दोन खोल्यांचं केंद्र आहे. मी राहते वडीगोद्रीला, हायवेवर, टायरच्या दुकानाच्या वरच्या खोलीत. दिवसभर खालून हवा भरल्याचा आवाज येतो, त्याची सवय झाली की झोप छान लागते.

या कामाला मी का लागले ते विचारायची गरज नाही. माझे वडील, अप्पाराव मास्तर, जालन्यात विज्ञान शिकवायचे. याच आजारानं गेले. दारूच्या थेंबाला कधी शिवले नाहीत, तरी अंत्ययात्रेत माझ्या मागं दोघंजण कुजबुजले, ‘मास्तर लपून घेत असतील.’ त्या दोघांना मी अजून माफ केलेलं नाही. वडिलांनी घरात गंडेदोरे, अंगारे, उतारे कधी येऊ दिले नाहीत. आई रोज सकाळी बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोसमोर मेणबत्ती लावते, तेवढंच. मी त्यांची एकुलती एक मुलगी आणि, आई म्हणते तसं, वडिलांपेक्षा दुप्पट हट्टी.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे गेल्या सप्टेंबरात मी काविळीची माळ बांधून घेतली.

आमच्या यादीतला एकशे अठरा नंबर म्हणजे सोमेश्वर. वय तेहेतीस, तीर्थपुरीत विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी बांधून द्यायचं त्याचं दुकान. उन्हात उभा राहिला की डोळ्यांतला पिवळेपणा लांबून दिसायचा. संभाजीनगरला केलेल्या तपासणीत त्याच्या यकृतात चौदा मिलिमीटरचा एक ठिपका सापडला होता. तिथल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून सांगितलं, हा कॅन्सर आहे असं म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही. गोळ्या लगेच सुरू करा, सोळा डिसेंबरला पुन्हा एमआरआय करू. ठिपका वाढला तर काय, ते सोमेश्वरनं विचारलं नाही. त्याची बायको साधना तेवढ्यात मुलीच्या बुटाची नाडी बांधायला खाली वाकली.

गोळ्या मात्र सुरू होईनात. आडवी आली ती त्याची आई, नंदाबाई.

"गोळीनं कावीळ पोटात बसती," ती मला म्हणाली. "आधी माळ घालू द्या. माळ उतरली का मंग तुमचं काय ते."

काविळीची माळ ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. घेटुळी नावाच्या रानवनस्पतीच्या ओल्या काड्यांचे पेराएवढे तुकडे करून दोऱ्यात सैल गाठींनी गुंफतात. माळ टाळूवर ठेवतात. ती दिवसागणिक लांबत जाते, डोक्यावरून गळ्यात उतरते, गळ्यातून कमरेवर, आणि एक दिवस पायातून निघते. कावीळ उतरली. खरं कारण असं, की काड्या वाळून बारीक होतात आणि गाठी सैल पडतात. हे मी सोमेश्वरला सांगितलं तर तो हसला.

"मॅडम, मी मोटारी बांधून राह्यलो बारा वर्षं. तार ढिली पडली का कॉइल लांबती, मला कळतं. पर आईला कोण समजावणार?"

मग मी सौदा केला. माळ घालू द्या, पण गोळी त्याच दिवसापासून. नंदाबाई कबूल झाली. आणि मला एक छोटा प्रयोग सुचला. दोन माळा बांधून घ्यायच्या. एक सोमेश्वरच्या डोक्यावर, दुसरी माझ्या खोलीतल्या माठाच्या गळ्याला. दोन्ही रोज मोजायच्या. माठाची माळही तेवढीच लांबली की ते आकडे घेऊन गावोगाव फिरायचं आणि पुढच्या नंदाबाईला हसत हसत पटवायचं.

माळ बांधणारी केशरबाई मोसंबीच्या बागेला लागून राहते. सत्तरीची असेल. हात सडपातळ, बोटं भरभर चालणारी. अंगणात काड्यांचा ढीग, दोऱ्याचं रीळ आणि मधमाश्यांची गुणगुण. सोमेश्वर तिच्यासमोर मांडी घालून बसला होता. मी तिला म्हटलं, "दोन बांधा. दोन्ही बराबर सारख्या पाहिजेत. तीच काडी, तोच दोरा, तशीच गाठ. एक सोमेश्वरची आणि एक रिकामी."

"रिकामी म्हंजे?"

"कुणाच्याच नावाची नाही."

"तशी गाठ बसत न्हाई, बाई." तिनं माझ्यासमोर काडी घेतली, दोरा फिरवला, ओढला. गाठ सुटली. पुन्हा केली, पुन्हा सुटली. हातचलाखी म्हणून मी मनातल्या मनात दाद दिली. "नाव सांगा. आईचं बी सांगा."

माझ्या जन्माआधी वडिलांनी दोन नावं काढून ठेवली होती. मुलगा झाला तर संघपाल, मुलगी झाली तर अक्षता. मुलगी झाली, पुढं काही मूल झालं नाही, आणि ते दुसरं नाव घरात तसंच पडून राहिलं. कधीकधी वडील गमतीनं मला त्या नावानं हाक मारायचे. त्या क्षणी तेच तोंडात आलं.

"संघपाल," मी म्हटलं. "वय चाळीस." माझं अडतीस होतं, दोन वर्षं उगाच वाढवली. आईचं नाव मात्र खोटं सुचलं नाही. "आई चांगुणाबाई."

केशरबाईनं मान डोलावली. एकच लांब दोरा घेतला, एका टोकाकडून सोमेश्वरची माळ, दुसऱ्या टोकाकडून संघपालची. एक गाठ इकडं, एक गाठ तिकडं, ओठ हलत होते. शेवटी मधला दोरा दातानं तोडला. मी टेप लावून मोजलं. दोन्ही माळा चव्वेचाळीस सेंटिमीटर.

"हा का न्हाई आला?" तिनं विचारलं.

"त्याला जमलं नाही."

"बरं. तुम्ही घेऊन जा. भावाची माळ बहिणीनं नेली तरी चालती."

मी ती डब्यात घालून वडीगोद्रीला आणली आणि माठाच्या गळ्याला अडकवली.

साधना रोज सकाळी फोन करून आकडा सांगायची. सोमेश्वरची माळ चौथ्या दिवशी एकोणपन्नास झाली, नवव्या दिवशी त्रेसष्ट, आणि दोन आठवडे पुरे होईतो गळ्यात उतरली. गोळ्याही चालू होत्या. मी खूश होते. फक्त माठावरची माळ चव्वेचाळीसच होती.

दमट जागा असेल म्हणून मी माठ खिडकीत ठेवला. उन्हानं काड्या वाळून तपकिरी झाल्या, बोटानं दाबल्या तर कुरकुरायच्या. चव्वेचाळीस. केंद्रातला आमचा तंत्रज्ञ अंगद, अंतरवाली सराटीहून रोज मोटरसायकलवर येणारा, सत्तेचाळीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप आणि माझ्याहून पक्का संशयी माणूस. त्याला मी तशीच एक माळ बांधायला लावली. ती त्याच माठावर, पहिलीच्या शेजारी अडकवली. अंगदची माळ पाच दिवसांत आठ सेंटिमीटर लांबली. शेजारची चव्वेचाळीस.

"दोरा येगळा असंल," अंगद म्हणाला.

"असेल," मी म्हटलं. वहीत तसंच लिहिलं.

याच सुमारास रक्ताची पहिली खेप गेली. इथं आमच्या कामाची एक पद्धत सांगायला हवी. प्रयोगशाळा नीट काम करते का ते तपासायला प्रत्येक खेपेत आम्ही एका निरोगी माणसाची नळी भलत्याच नावानं मिसळतो. ती नळी नेहमी माझ्याच रक्ताची असते. सॉफ्टवेअरला नाव, वय, आईचं नाव दिल्याशिवाय नंबर मिळत नाही. या वेळी संघपालची नोंद माळेचे आकडे लिहायला सॉफ्टवेअरमध्ये केलेलीच होती, नंबर तीनशे तेरा. तीच वापरली. अंगदनं माझ्या दंडाला पट्टी बांधली, रक्त काढलं, नळीवर ‘संघपाल’ अशी चिठ्ठी लावली आणि म्हणाला, "चला, साहेबांचं झालं." आम्ही दोघं हसलो.

सप्टेंबरच्या शेवटी अहवाल आला. तीनशे तेराचं सगळं स्वच्छ. ऑक्टोबरच्या मध्यावर दुसऱ्या खेपेचा आला, तीनशे तेराच्या नळीत पुन्हा माझंच रक्त. सोमेश्वरचं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, जो एकच्या आसपास हवा, सहावरून तीनवर आलेलं. तीनशे तेराचं तीन पूर्णांक एक. खाली एक ओळ होती: हिपॅटायटिस बी, पॉझिटिव्ह.

नळ्या बदलल्या असणार. मी प्रयोगशाळेला फोन करून चांगलं खडसावलं आणि त्याच दिवशी अंबडला दुसरीकडे माझ्या नावानं तपासणी करून घेतली. मी ठणठणीत होते.

ऑक्टोबरच्या चोवीस तारखेला मी आईचे डोळे दाखवायला जालन्याला गेले. दार उघडून आई माझ्या खांद्यावरून मागं, गल्लीत बघत राहिली.

"एकटीच आलीस?"

"मग कोण येणार?"

"न्हाई, आपलं विचारलं," ती म्हणाली आणि आत जाऊन पोहे टाकले. परत निघताना तिनं डबा दिला. खोलीवर येऊन उघडला तर दोघांना पुरेल एवढं होतं. आया असंच भरतात, मला त्यात काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी केंद्रात अंगद मशीन पुसत होता. खिडकीतून कापसाचे तंतू आत येत होते, बाजारात कुठंतरी गाडी उतरत असावी. तो सहज म्हणाला, "काल तुमचे बंधू येऊन गेल्ते."

"कोण?"

"संघपाल साहेब. बाराच्या आत आल्ते. अर्धा घंटा बसले बाकावर. मी म्हणलं आलेच हायत तर मशीनवर घेऊ."

"अंगद, संघपाल हे आपलं डमी नाव आहे."

तो माझ्याकडे बघून हसला. चेष्टा करतेय असं समजून हसतात तसा. "डमी? मॅडम, काय बोलून राह्यल्या! तुमच्यासारखंच नाक. कमी बोलतात. उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग हाय, पट्टी बांधताना मी इचारलं तर म्हणाले, ल्हानपणीचा हाय."

"पट्टी तू माझ्या दंडाला बांधली होतीस. तू म्हणालास, साहेबांचं झालं."

"ते त्यांनाच म्हणलं ना मी," अंगद म्हणाला. आता त्याचं हसू जरा कमी झालं होतं. "तुमची तब्येत बरी हाय ना?"

मशीनमध्ये फाईल होती. चोवीस ऑक्टोबर, अकरा वाजून वीस मिनिटं, नंबर तीनशे तेरा. दहा टकटकी, दहा आलेख, एकही वाया गेलेला नाही. मधला आकडा सत्तावीस पूर्णांक तीन. मी त्याच बाकावर आडवी झाले आणि अंगदला माझं मोजायला लावलं. चार पूर्णांक सहा. पहिल्या टकटकीला माझे डोळे आपोआप मिटले आणि मला आमच्या घरातला जुना रॉकेलचा स्टोव्ह दिसला. मी सहा वर्षांची असताना त्याचा भडका उडाला होता. मला काही झालं नाही. तेव्हा घरात मी एकटीच होते.

नोव्हेंबर फार सुंदर गेला, हे मला कबूल केलं पाहिजे. हवा मऊ होती. दुपारी केंद्रात माणसं नसली की मी बाकावर टेकायचे, डोळा लागायचा आणि अर्धवट झोपेत काहीबाही आठवायचं. सायकलच्या कॅरिअरवर बसून मी शाळेत चाललेय, समोर पांढरा शर्ट, उन्हानं तापलेला, त्याला मी गाल टेकवलाय. जाग आल्यावर मी स्वतःला बजावायचे, की शाळा घरामागंच होती, मी चालत जायचे. तरी त्या शर्टाचा कडक साबणाचा वास नाकात राहायचा. आणि खरं सांगू, मला बरं वाटायचं. एकुलत्या एका मुलीला हे बरं वाटणं काय असतं ते दुसऱ्याला समजणार नाही.

लोक त्याची चौकशी करू लागले. टायरवाल्यानं विचारलं, भाऊ दिसला नाही या आठवड्यात? नंदाबाई मोसंब्यांच्या दोन पिशव्या घेऊन आली. सोमेश्वरची माळ बाविसाव्या दिवशीच पायातून निघाली होती, डोळे पांढरे झाले होते, तोंडाला चव आली होती.

"ही तुमची," ती म्हणाली, "अन् ही तुमच्या भावाची. ह्या आजारात मोसंबी चालती ना?"

"कोणी सांगितलं तुम्हाला भावाचं?"

"सांगायला कशाला पाह्यजे? दिसतंय की मानसाच्या तोंडावर." तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "माझा पोरगा बरा व्हतोय, तुमचा भाऊ बी व्हईल."

मी पिशवी घेतली. नको कशी म्हणणार?

त्या आठवड्यात तिसरी खेप जायची होती. मी अंगदला समोर बसवलं. एकच सुई, माझाच दंड, एकापाठोपाठ दोन नळ्या. पहिलीवर अक्षता, दुसरीवर संघपाल. चिठ्ठ्या मी स्वतः लावल्या, नळ्यांच्या बुडाशी मार्करनं खुणा केल्या, दोन्हींचे फोटो काढले आणि बर्फाच्या डब्यात ठेवून स्वतः प्रयोगशाळेत नेऊन दिल्या. आठ दिवसांनी अहवाल आले.

अक्षता: सगळं स्वच्छ.

संघपाल: बिलिरुबिन नऊ पूर्णांक चार. आणि ज्या आकड्यावर आम्ही कॅन्सरचा संशय घेतो, जो दहाच्या आत असावा लागतो, तो एक हजार आठशे चाळीस.

मी नळ्यांचे फोटो पुन्हा उघडून पाहिले. खुणा बरोबर होत्या. रक्त माझं होतं. एवढे आकडे मी फक्त एकदाच पाहिले होते, वडिलांच्या कागदांवर.

दुपारी माठावरची माळ डब्यात घालून मी केशरबाईकडे गेले. मोसंबीची तोड झाली होती, बाग हिरवी आणि रिकामी होती. ती तशीच काड्या तोडत बसलेली.

"ही वाढतच नाही," मी म्हटलं.

तिनं माळेला हात लावला नाही. नुसती पाहिली. "न्हाई वाढायची आता."

"मी नाव चुकून दिलं होतं. ते परत घेता येतं का?"

"येतं की. नाव घेऊन माळ सोडायची अन् काड्या पाण्यात टाकायच्या." तिनं एक काडी मोडली. "पर दोन्ही एकाच दोऱ्यातल्या हायत, बाई. तुम्हीच म्हणल्या व्हत्या, बराबर सारख्या पाह्यजेत. एक सोडली तर दुसरीची गाठ बी सुटली समजा."

"म्हणजे काय?"

"म्हंजे काय ते मला न्हाई म्हाईत. मी गाठी बांधती." मग काडी ढिगात टाकून म्हणाली, "सोळा तारखेला पोराचा फोटू हाय म्हणं. नंदाबाई सांगून गेली."

मी डबा बंद केला. माझा यातल्या एका अक्षरावर विश्वास नव्हता. विश्वास नव्हता तर माळ सोडून टाकायला माझं काय जात होतं? आणि तशीच ठेवायलाही काय जात होतं?

येताना वाटेत सोमेश्वरचं दुकान लागलं. तो स्टुलावर बसून तांब्याची तार गुंडाळत होता. त्याची मुलगी, सहा-सात वर्षांची, समोर बसून फेरे मोजत होती. एकशे चार, एकशे पाच. चुकली की तो थांबायचा, हसायचा, पुन्हा पहिल्यापासून. मला बघून उठला.

"चहा घ्या, मॅडम."

"नको. गोळी घेतली का आज?"

"घेतली. बिलकुल चुकवत न्हाई." त्यानं डब्याकडं बघितलं आणि पुन्हा तार हातात घेतली.

मी खोलीवर गेले आणि माळ परत माठाला अडकवली.

एका बाजूला माणूस होता, दुसऱ्या बाजूला एक नाव. असंच मी स्वतःला सांगितलं.

सोळा डिसेंबरला मी सोमेश्वरबरोबर संभाजीनगरला गेले. नंदाबाई, साधना, मुलगी, सगळी बाहेर बाकावर. डॉक्टरांनी जुनी फिल्म लावली, नवी लावली, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ठिपका दिसत नाही," ते म्हणाले. "असं होतं कधीकधी. सूज असेल. गोळ्या सोडू नका."

साधना रडायला लागली. नंदाबाईनं माझ्या गालांवरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. मी पण रडले. सहा वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, की आपण कुणालातरी वाचवलं.

दुपारी तीनला वडीगोद्रीत उतरले. खाली हवा भरल्याचा आवाज चालू होता. खोलीत ऊन आलं होतं.

माठावर माळ नव्हती.

काड्या जमिनीवर पडल्या होत्या, माठाभोवती, एकेक सुटी. दोरा खिडकीच्या कठड्यावर होता. मी तो बोटांतून ओढून पाहिला. त्याला कुठंही गाठ नव्हती, गाठ होती असा पीळसुद्धा नव्हता.

मी टेप लावला. सवयीनं.

तेवढ्यात फोन वाजला. आई होती. एवढंच म्हणाली, "ये घरी."

जालन्याला पोचले तेव्हा दाराबाहेर चपला होत्या. शेजारच्या बायका आत बसल्या होत्या. त्यांनी सरकून मला जागा दिली. फोटोसमोर दोन मेणबत्त्या जळत होत्या. आई भिंतीला टेकून बसली होती, पांढऱ्या पातळात. वडिलांच्या फोटोशेजारी कुणीतरी नवा खिळा ठोकून ठेवला होता.

"त्याचा एक बी फोटो सापडत न्हाई गं," आई म्हणाली. "सगळी पेटी पाह्यली. तुझ्याकडं हाय का?"

"त्याला आवडायचं नाही, आई. कॅमेरा काढला की हात आडवा धरायचा."

आईनं मान हलवली. हो, तसंच करायचा.

तिची समजूत काढायला मी असं म्हणाले, असं मला वाटलं. मग तो हात मला दिसला. उजवा, बोटं पसरलेली, मनगटावर भाजल्याचा डाग. स्टोव्ह भडकला तेव्हा याच हातानं त्यानं मला मागं ओढलं होतं. मी सहा वर्षांची होते. तो आठ.